अमेरिकेत घराचे हप्ते थकलेत आणि बँकरप्सीचा विचार चाललाय? आधी हे वाचा

नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं किंवा घटस्फोट झाला, की पहिले काही महिने सगळा खर्च क्रेडिट कार्डांवर ढकलला जातो. मग मॉर्गेजचा एक हप्ता चुकतो, पाठोपाठ दुसरा. बँकेची पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये जायला लागतात. बँकरप्सीचं नाव काढायलाही घरात कुणी तयार नसतं, कारण आपल्याकडे दिवाळं निघणं म्हणजे अब्रू जाणं. वकिलाला फोन होतो तो थेट लिलावाच्या आदल्या आठवड्यात, आणि तोवर निम्मे पर्याय हातचे गेलेले असतात.

हा लेख अमेरिकेत घर असलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. बँकरप्सीचा कायदा देशभर एकच असला तरी घराला मिळणारं संरक्षण आणि लिलावाची पद्धत राज्यागणिक बदलते. म्हणून शेवटचा निर्णय तुमच्या राज्यातल्या बँकरप्सी वकिलाला विचारूनच घ्या. त्याच्यासमोर बसण्याआधी काय माहीत असायला हवं, ते इथे सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकरप्सीत तुमची वैयक्तिक देणेदारी माफ होऊ शकते, पण घरावरचा बँकेचा तारणहक्क सहसा तसाच राहतो. कर्जाबद्दल बँक तुमच्या पगाराला हात लावू शकणार नाही, पण हप्ते भरले नाहीत तर घराला नक्की लावेल. ‘बँकरप्सी केली की मॉर्गेज माफ’ असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका.

पहिली पायरी: आज नेमके कुठे उभे आहात ते पाहा

पत्रं उघडा आणि तारखेप्रमाणे लावा. केंद्रीय नियमानुसार हप्ता १२० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय सर्व्हिसरला, म्हणजे तुमचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, सहसा फोरक्लोजर, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी घर ताब्यात घेऊन विकायची कारवाई, सुरू करता येत नाही. त्यानंतर राज्याचा कायदा लागतो. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा, इलिनॉय इथे फोरक्लोजरसाठी कोर्टात दावा लावावा लागतो आणि त्यात बराच काळ जातो. टेक्सास आणि जॉर्जियात कोर्टाची पायरी सहसा नसतेच. तिथे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीत लिलाव होतात आणि टेक्सासमध्ये लिलावाची नोटीस किमान २१ दिवस आधी दिली की पुरते. न्यू जर्सीतल्या मित्राला दोन वर्षं मिळाली म्हणून डॅलसमधल्या माणसाने निर्धास्त राहू नये.

बँकरप्सीच्या आधी सर्व्हिसरकडे लॉस मिटिगेशनचा अर्ज करून पाहायलाच हवा. त्यात हप्ता कमी करून मिळणं, थकबाकी कर्जाच्या शेवटी ढकलणं, काही महिने सवलत असे पर्याय येतात. लिलावाला ३७ दिवसांहून जास्त अवधी असताना तुमचा पूर्ण अर्ज पोचला, तर त्यावर निर्णय होईपर्यंत सर्व्हिसरला सहसा लिलाव उरकता येत नाही. इथे सगळा भार ‘पूर्ण’ या अटीवर आहे. बँक स्टेटमेंटच्या पाच पानांपैकी शेवटचं पान कोरं म्हणून जोडलं नाही, एवढ्या कारणावरूनही अर्ज अपूर्ण ठरतो. सगळी पानं पाठवा, पोच घ्या, फोन केला तर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. हडची, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण खात्याची, मान्यता असलेले गृहनिर्माण समुपदेशक हा अर्ज भरायला फुकट मदत करतात.

फोरक्लोजरची नोंद सार्वजनिक झाली की घरी ‘आम्ही तुमचं घर वाचवतो’ अशी पत्रं यायला लागतात. आधी पैसे मागणाऱ्याला किंवा ‘तात्पुरतं घर आमच्या नावावर करा’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. तो मराठी बोलतो, मंडळाच्या कार्यक्रमात भेटतो, एवढ्याने तो भरवशाचा ठरत नाही.

दुसरी पायरी: हे घर वाचवण्यासारखं आहे का?

हा प्रश्न टाळला जातो, कारण मुलांची शाळा तिथे असते आणि वास्तुशांतीचे फोटो भिंतीवर असतात. तरीही कागद घेऊन बसा. घराची आजची खरी किंमत, पहिल्या मॉर्गेजची बाकी, दुसरं कर्ज किंवा होम इक्विटी लाइन, थकलेला प्रॉपर्टी टॅक्स आणि एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) थकबाकी एकाखाली एक लिहा.

समजा घराची किंमत ४ लाख २० हजार डॉलर आहे आणि कर्ज ३ लाख ६० हजार. इक्विटी ६० हजार दिसते, पण विकायचा खर्च २५ हजार धरला तर हाती ३५ हजार उरतात. आता बघायचं की तुमच्या राज्यातली होमस्टेड सूट, म्हणजे राहत्या घरातली जी रक्कम कायदा सुरक्षित ठेवतो ती, यापेक्षा जास्त आहे की कमी. केंद्रीय सूट १ एप्रिल २०२५ पासून माणशी ३१,५७५ डॉलर आहे. घर दोघांचं असेल आणि नवरा-बायकोने बँकरप्सीचा अर्ज एकत्र केला, तर दुप्पट मिळते. मात्र केंद्रीय सूट निवडायची मुभा काही राज्यांतच आहे. टेक्सास आणि फ्लोरिडात जमिनीच्या क्षेत्रफळाची मर्यादा पाळली तर किमतीला मर्यादा नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात होमस्टेड सूटच नाही, म्हणून तिथले लोक केंद्रीय सूट वापरतात.

नोकरीसाठी राज्यं बदलणाऱ्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. अर्जाआधी ७३० दिवस एकाच राज्यात वास्तव्य नसेल, तर सूट बहुधा आधीच्या राज्याची लागते. आणि घर घेऊन १,२१५ दिवस झाले नसतील, तर फ्लोरिडा-टेक्सासमध्येही सुटीवर २ लाख १४ हजार डॉलरची मर्यादा येऊ शकते. आधीचं घरही त्याच राज्यात असेल आणि त्याचे पैसे या घरात आले असतील, तर तो भाग यात मोजत नाहीत.

दुसरा हिशेब उत्पन्नाचा. अडचण संपली आहे, की अजून चालू आहे? नवी नोकरी लागली असेल आणि मधल्या आठ महिन्यांची थकबाकी तेवढी डोक्यावर असेल, तर घर वाचवण्यात अर्थ आहे. पण आजच्या उत्पन्नात चालू हप्ताच बसत नसेल, तर बँकरप्सीने फक्त तारीख पुढे जाईल. अशा वेळी इक्विटी शिल्लक असताना स्वतः घर विकणं मला कधीही जास्त शहाणपणाचं वाटतं. लिलावात बाजारभाव मिळत नाही. एच-१बीवर असताना नोकरी गेली, तर सहसा जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्या दिवसांत घराचाही निर्णय करावा लागतो, म्हणून एजंटला फोन पहिल्याच आठवड्यात करा.

आणि कळकळीने सांगतो: हप्ते भरण्यासाठी ४०१(के), म्हणजे निवृत्तीची बचत, मोडू नका. तो पैसा बँकरप्सीत सहसा पूर्ण सुरक्षित असतो, धनको त्याला हात लावू शकत नाहीत. तो काढून बुडत्या घरात ओतला की कर आणि दंड भरावा लागतो आणि अनेकदा शेवटी घरही जातं. जे कुणी हिरावून घेऊ शकत नव्हतं, ते आपणच देऊन टाकलेलं असतं.

तिसरी पायरी: चॅप्टर ७ की चॅप्टर १३

हे बँकरप्सीचे दोन प्रकार. दोन्हींत अर्ज दाखल होताक्षणी ‘ऑटोमॅटिक स्टे’ लागू होतो. वसुलीचे फोन, पगारातली कपात, कोर्टातले दावे, लिलाव, सगळं थांबतं. इथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

चॅप्टर ७ साधारण चार महिन्यांत आटोपतो. क्रेडिट कार्डं, दवाखान्याची बिलं, पर्सनल लोन अशी बिनतारणी देणी सहसा माफ होतात. विद्यार्थी कर्ज, अलीकडचे कर, पोटगी ही बहुधा राहतात. कुटुंबाचं उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त असेल तर ‘मीन्स टेस्ट’, म्हणजे उत्पन्न-खर्चाची चाचणी, पार करावी लागते. थकलेले हप्ते हळूहळू फेडायची सोय मात्र यात नाही. बँक स्टे उठवायचा अर्ज करू शकते, किंवा केस संपल्यावर लिलाव पुढे नेऊ शकते. आणि सुटीपेक्षा जास्त इक्विटी असेल तर ट्रस्टी, म्हणजे केस सांभाळायला नेमलेला माणूस, घर विकून तुमची सूट तुमच्या हाती ठेवतो आणि उरलेले पैसे धनकोंना वाटतो. हप्ते चालू आहेत, इक्विटी सुटीत बसते आणि कार्डांच्या बोज्याने जीव मेटाकुटीला आलाय, अशा कुटुंबाला चॅप्टर ७ उत्तम. कार्डांचे दीड-दोन हजार डॉलर महिन्याला वाचले की मॉर्गेज आपोआप झेपतं.

घर वाचवायचं आणि थकबाकी आहे, तर वाट चॅप्टर १३ची. यात तीन ते पाच वर्षांचा परतफेडीचा आराखडा कोर्टासमोर ठेवायचा असतो. समजा थकबाकी १८ हजार डॉलर आहे. पाच वर्षांत ६० महिने, म्हणजे महिन्याला ३०० डॉलर, त्यावर ट्रस्टीचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत. हे चालू हप्त्याच्या वर भरायचं. बँकेला एकरकमी १८ हजार हवे असले तरी कोर्टाने मंजूर केलेला हा आराखडा तिला मान्य करावा लागतो. पहिला भरणा अर्जानंतर ३० दिवसांत सुरू होतो, आराखडा मंजूर व्हायची वाट पाहायची नसते. नियमित उत्पन्न लागतं आणि मागच्या चार वर्षांची कर विवरणपत्रं भरलेली असावी लागतात. कर्जालाही कमाल मर्यादा आहे: एप्रिल २०२५ पासून तारणी कर्ज १५,८०,१२५ डॉलर आणि बिनतारणी ५,२६,७०० डॉलर. बे एरियातल्या घरांना ही मर्यादा सहज आडवी येते.

चॅप्टर १३मध्ये राहत्या घराच्या पहिल्या मॉर्गेजची मुद्दल कमी होते का? सहसा नाही, व्याजदरही बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच हे स्पष्ट केलंय. दुसऱ्या मॉर्गेजचं मात्र वेगळं आहे. घराची किंमत ३ लाख ५० हजार, पहिल्या कर्जाची बाकी ३ लाख ६० हजार आणि त्यामागे ४० हजारांचं दुसरं कर्ज असेल, तर दुसऱ्या कर्जाला घरात आधारच उरत नाही. ते बिनतारणी मानून, आराखडा पुरा झाल्यावर त्याचा तारणहक्क काढून टाकता येतो. पण किंमत ३ लाख ६१ हजार ठरली, तर एका हजारापुरता का होईना आधार आहे, आणि मग ते कर्ज पूर्ण शिल्लक राहतं. त्यामुळे अशा केसमध्ये चांगल्या अप्रेझलवर खर्च करायला कचरू नका. ही सोय चॅप्टर ७मध्ये नाही, २०१५ च्या निकालाने ती वाट बंद झाली.

चौथी पायरी: भारतातली मालमत्ता आणि घरातली देणीघेणी

आपल्या लोकांचा पाय सगळ्यात जास्त इथे घसरतो. बँकरप्सीच्या अर्जात जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते. पुण्यातला फ्लॅट, आईबरोबरच्या जॉइंट खात्यातली एफडी, एनआरई-एनआरओ खाती, एलआयसीची पॉलिसी, सोनं, आणि गावच्या शेतीच्या सातबाऱ्यावर काका-चुलत भावांसोबत लागलेलं तुमचं नाव, हे सगळं. ‘ते बाबांचं आहे, माझं फक्त नाव आहे’ हे खरंही असेल, पण ते अर्जात लिहून, कागद जोडून सांगायचं. न लिहिणं म्हणजे शपथेवर खोटं बोलणं. मालमत्ता लपवणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निव्वळ बँकरप्सी केली म्हणून व्हिसा किंवा ग्रीन कार्ड जात नाही. फसवणुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर मात्र ते धोक्यात येऊ शकतं.

भावाकडून किंवा मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने हेही कर्जच. ते यादीत लिहावं लागतं. आणि अर्जाच्या आधीच्या एका वर्षात ‘निदान घरच्यांचे तरी देऊ’ म्हणून ते फेडले असतील, तर ट्रस्टी भावाकडे जाऊन ती रक्कम परत मागू शकतो. चांगल्या भावनेने केलेल्या गोष्टीतून भावालाच कोर्टाची नोटीस जाते. आधी वकिलाशी बोला, मग काय ते फेडा. घर किंवा गाडी बहिणीच्या नावावर करणं तर त्याहून वाईट. मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार तपासले जातात, काही राज्यांत त्याहून मागचेही, आणि शेवटच्या वर्षातल्या अशा व्यवहारामुळे कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते.

आणखी एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. अर्ज दाखल केल्यापासून १८० दिवसांत आई-वडील किंवा इतर कुणाकडून वारसा मिळायचा हक्क निर्माण झाला, तर तो वाटा बँकरप्सीच्या मालमत्तेत धरला जातो. चॅप्टर १३मध्ये त्यानंतरचा वारसाही विचारात घेतला जाऊ शकतो. असं काही झालं तर त्या दुःखातही वकिलाला कळवावं लागतं.

पाचवी पायरी: अर्ज दाखल करताना

अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशन घ्यावं लागतं. फोनवर किंवा ऑनलाइन तासाभरात होतं. लिलाव उद्यावर आला असला तरी हे प्रमाणपत्र सहसा टळत नाही, म्हणून आजच घेऊन ठेवा. कोर्टाची फी सध्या चॅप्टर ७साठी ३३८ आणि चॅप्टर १३साठी ३१३ डॉलर आहे, हप्त्यांनीही भरता येते. चॅप्टर १३मध्ये वकिलाच्या फीचा मोठा भाग बहुतेक वेळा आराखड्यातूनच दिला जातो.

वेळ अगदीच कमी असेल तर मुख्य अर्ज, धनकोंची यादी, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचं निवेदन आणि समुपदेशनाचं प्रमाणपत्र एवढ्यावर केस दाखल करून बाकीची कागदपत्रं १४ दिवसांत देता येतात. लिलावाच्या दहा मिनिटं आधी दाखल झालेला अर्ज चालतो. दहा मिनिटं उशिरा झालेला बहुतेक राज्यांत घर परत आणत नाही. केस नंबर मिळताक्षणी तो लिलाव करणाऱ्या वकिलाला किंवा फोरक्लोजर ट्रस्टीला (हा बँकरप्सीचा ट्रस्टी नव्हे) फोन आणि ईमेलने कळवा, कोर्टाचं पत्र पोचायची वाट पाहू नका.

अर्ज पुन्हा पुन्हा करून लिलाव टाळता येईल, असं समजू नका. मागच्या वर्षभरात एक केस फेटाळली गेली असेल तर नव्या केसमधला स्टे, कोर्टाने वाढवला नाही तर, ३० दिवसांतच संपतो. दोन फेटाळल्या असतील तर तो आपोआप लागतच नाही.

काही आठवड्यांनी ट्रस्टीसोबत ‘३४१ मीटिंग’ होते, हल्ली बहुधा झूमवर. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटीचा पुरावा जवळ ठेवा. शपथेवर प्रश्न विचारले जातात: घराची किंमत कशावरून ठरवली, कुणाला पैसे दिले, परदेशात काही आहे का. नीट तयारी केलेल्या केसमध्ये हे थोडक्यात आटोपतं. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा फुकट मिळतो, आधी सांगून ठेवा.

आराखडा चालू असताना

पाच वर्षं मोठा काळ आहे. गाडी बिघडते, पुन्हा नोकरी जाते. हप्ता चुकणार असं दिसताच वकिलाला सांगितलं तर आराखड्यात बदल मागता येतो. गप्प राहिलात तर केस फेटाळली जाते आणि फोरक्लोजर जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. एस्क्रोमुळे, म्हणजे हप्त्यातून कर आणि विम्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेमुळे, चालू हप्ता वाढला तर सर्व्हिसरने सहसा २१ दिवस आधी कोर्टात नोटीस द्यायची असते. ती वाचा, कारण जुना हप्ता भरत राहिलात तर नकळत नवी थकबाकी साचते. नवं कर्ज घेण्याआधी परवानगी लागते.

घर सोडायचं ठरलं तर

चॅप्टर ७ किंवा १३मध्ये घर सोडून देता येतं आणि लिलावात कमी पडलेल्या रकमेची वैयक्तिक जबाबदारी माफ होते. त्या माफ झालेल्या कर्जावर १०९९-सी, म्हणजे कर्जमाफीची नोंद असलेला कराचा फॉर्म, आला तरी बँकरप्सीत माफ झालेली रक्कम उत्पन्न धरली जात नाही. रिटर्नसोबत फॉर्म ९८२ जोडायचा.

पण चावी टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. लिलाव पुरा होऊन मालकी बदलेपर्यंत घर कागदोपत्री तुमचंच असतं. कधीकधी बँक महिनोन्महिने लिलाव करत नाही. त्या काळातली एचओएची नवी वर्गणी, वाढलेल्या गवताबद्दल शहराचा दंड, पायरीवर घसरून पडलेल्या माणसाचा दावा हे सगळं तुमच्या नावावर येऊ शकतं. मालकी बदलल्याची काउंटीतली नोंद दिसेपर्यंत विमा चालू ठेवा.

केस संपल्यावर

चॅप्टर ७ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षं आणि चॅप्टर १३ची साधारण ७ वर्षं राहते. नवं गृहकर्ज त्याच्या बरंच आधी मिळू शकतं. एफएचए (सरकारी विमा असलेल्या) कर्जासाठी चॅप्टर ७ची माफी मिळाल्यापासून सहसा दोन वर्षं, तर बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांनी चार वर्षं थांबावं लागतं. चॅप्टर १३ पुरा केल्यास फॅनी मे दोन वर्षांनी विचार करते. घर फोरक्लोजरमध्ये गेलं असेल तर त्याची मुदत वेगळी असू शकते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांना मे २०२५ पासून एफएचए कर्ज जवळपास बंद झालंय, हे लक्षात घेऊन पुढचा बेत आखा.

चॅप्टर ७नंतर घर ठेवलं, पण बँकेशी ‘रिअफर्मेशन’ करार केला नाही, तर हप्ते वेळेवर भरूनही ते क्रेडिट रिपोर्टवर बहुधा दिसत नाहीत. तो करार करायची घाई मात्र करू नका. त्यावर सही केली की माफ झालेली वैयक्तिक जबाबदारी पुन्हा अंगावर येते आणि उद्या घर गेलं तर उरलेलं कर्ज मागे लागतं. करार न करता भरलेल्या प्रत्येक हप्त्याचा बँकेतला पुरावा जपून ठेवला, तर पुढचा कर्जदाता तो सहसा ग्राह्य धरतो.

चॅप्टर १३ संपताना ट्रस्टी सर्व्हिसरला नोटीस पाठवतो की थकबाकी पूर्ण फिटली. त्यावर सर्व्हिसरने कोर्टात उत्तर द्यायचं असतं. त्या उत्तराची प्रत मागून घ्या आणि पुढच्या महिन्याच्या मॉर्गेज स्टेटमेंटशी ताडून पाहा. जुन्या लेट फीच्या नावाने दोन-तीनशे डॉलर परत चढवलेले दिसले, तर केस बंद व्हायच्या आत वकिलाला कळवा.